वरची एक बांगडी

रोहिणखेडात लग्नघरचा चुडा भरायचा तर ताहेराबीनेच. मणियाराच्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून हे काम तिच्याकडे. समोरच्या बाईचा हात डोळ्यांनी पाहायची तिला गरज पडत नसे. गप्पा हाणता हाणता ती तळवा मुठीत घेई, अंगठ्याखालचं मांस चोळून मऊ करी आणि हाड कुठे वळतं ते बोटांना कळलं की बांगडी पाण्यासारखी मनगटावर उतरे. शेवटी मोजून भरलेल्या चुड्यावर आणखी एक बांगडी ती उजव्या हाती चढवायची. ती फुकट. बरकतीची, असं तिची सासू सांगून गेली होती.

पण साखरेचं दुखणं नसांवर गेलं. आधी तळपायांची अशी आग होई की ताहेराबी गार फरशीला पाय टेकवून बसून राही. मग हातांत मुंग्या आल्या, बोटांवर मेणाचा थर चढल्यासारखं वाटू लागलं. गावातल्या गोकुळच्या बायकोच्या ओटीभरणाला हिरवी बांगडी तडकन वाढली. फुटली असं म्हणायचं नसतं. पण पोरीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला आणि बसलेल्या बायकांनी आपापले हात पदराखाली घेतले. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोताळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या अंगातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व उतरतं, त्यांनी समजावलं, तुमचं तर पार तळाला गेलंय. काही इंजेक्शनं घ्या, मग रोज एक गोळी, आणि साखर ताब्यात ठेवा. नसा सावकाश सुधारतात, त्यांना घाई चालत नाही.

सून रुबिना रोज चहाच्या आधी ही गोळी सासूच्या हातावर ठेवी. हळूहळू पायांची आग निवली, झोप लागू लागली. तेवढ्यात गावातल्या मनकर्णाबाईच्या लेकीचं, जयमालाचं लग्न ठरलं. जयमालाच्या बारशाला इवल्या हातांत मनगट्या घालताना ताहेराबी बोलून बसली होती की हिचा लग्नाचा चुडाही मीच भरीन. शब्द दिलेला आणि बोटं अजून मेणाची.

मग तिलाच घाई झाली. नवऱ्याने, वाहेदने, बाजारातून नसांच्या ताकदीच्या गोळ्यांचा डबा आणला होता. ती त्यातलीही घेऊ लागली, आणि वर आणखी एक. बरकतीची. रुबिनाला काही सांगितलं नाही.

काही आठवडे बरं वाटल्यासारखं झालं आणि मग उलटंच सुरू झालं. औषध कमी पडतंय असं समजून तिने डब्यातली आणखी एक वाढवली. एका दुपारी ती दळण घेऊन घरात आली तर एका पायात चप्पल, दुसरी फाटकाशीच राहिलेली, आणि तिला पत्ताच नाही. रुबिनाने चप्पल आणून पायाशी ठेवली आणि शेजारी बसली. मग ताहेराबीने आपणहून डबा काढून दाखवला.

दुसऱ्या दिवशी आपल्या लेकीला, छोट्या महनूरला कडेवर घेऊन रुबिना सासूला पुन्हा मोताळ्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. यात बी-सिक्स भरपूर आहे, त्या म्हणाल्या, आणि ते फार झालं की नसा सुधारायच्या सोडून आणखी बधिर होतात. वरची एक गोळी कोणी सांगितली, असं विचारल्यावर ताहेराबीने खाली मान घालून बांगडीची रीत सांगितली. बाई हसल्या नाहीत.

"बांगडी मापापेक्षा मोठी दिली तर काय होतं?"

"गळून पडते."

"मग?"

ताहेराबीने डबा त्यांच्या टेबलावरच ठेवला.

आता नसांसाठी रोज एकच गोळी. महनूर झोपली की दुपारी रुबिना आपला हात पुढे करी आणि ताहेराबी डोळे मिटून तो चाचपे. कितीतरी दुपारी काहीच कळलं नाही. रुबिना हात मागे घेत नसे, माहेरच्या गमती सांगत राही. मग एकदा, होळी होऊन गेल्यावर, अंगठ्याखालचं हाड बोटाला लागलं. धुक्यात झाड दिसावं तसं, पण लागलं. ताहेराबीने ते सोडलंच नाही, तेव्हा सून म्हणाली, अम्मी, हात दुखतोय.

तरी हळदीच्या आदल्या दिवशी तिने मनकर्णाबाईचं घर गाठलं. दुसऱ्या कोणाला बोलवा, माझ्या हाताचा अजून भरवसा नाही, असं सांगून टाकलं. मनकर्णाबाई काही म्हणायच्या आत आतून जयमाला आली आणि दोन्ही हात पुढे करून बसली.

"चाची, वाढली तर वाढली. पर हात तुमचाच पाह्यजे मले."

"रगत निघन व, माय."

"निघू द्या. गोकुळदादाची बायको काय मेली काय? बाळाले घेऊन मस्त हिंडून राह्यली."

मनकर्णाबाईलाच आधी हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ताहेराबीने डोळे मिटून चुडा भरला. गप्पा नाहीत. एक बांगडी अडली. तिने ती ढकलली नाही. तळवा पुन्हा चोळला, हाड शोधलं, सापडेपर्यंत थांबली. बांगडी उतरली. पायांची आग त्या दिवशीही होतीच, थोडी.

शेवटी तिने उजव्या हाती मोजणीच्या वरची एक चढवली. जयमाला पाया पडायला वाकली, तेव्हा रुबिनाने मागून हळूच विचारलं, अम्मी, ही वरची चालते का?

"हे चालते," ताहेराबी म्हणाली. "हिची जागा इथंच हाये."