तूप लागलेला दांडा

“बूड उचललास त गेलास, इंद्रभाऊ. जोर लाव, पन बसून राय.”

बकारामचं हे सांगणं माझ्या लोखंडात मुरलं आहे. मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. घरात मिरवायची नव्हे, बसून गोळा फेकायची. कोहमाऱ्याला ट्रकच्या बॉड्या जोडणाऱ्या बकारामने मला मोडक्या ट्रकच्या लोखंडातून घडवलं. बसायला चौकोनी पाट, आवळायला पट्टे आणि डाव्या हाताने धरायला एक उभा दांडा. त्या दांड्याच्या आधारावरच उजवा हात गोळा फेकतो. फेकताना बूड जरासं उचललं तरी लाल झेंडा वर होतो, ती फेक बाद.

माझा धनी इंद्रकुमार फौजेत होता. सुरुंग फुटला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. त्याच स्फोटात त्याचा सोबती राजदीपही जायबंदी झाला. कुडवा गावातल्या आपल्या घरी आल्यापासून राजदीपने उंबरठा ओलांडला नव्हता. इंद्रकुमार त्याला फोनवर मैदानात बोलवायचा. एकदा राजदीप चिडून म्हणाला, “तू त अजून मायलेबी पाय दाखवला नाहीस. मले कायले चारचौघांत बसवतोस?”

“आधी मी दाखवीन. मंग तुले घ्यायले येईन,” इंद्रकुमार म्हणाला.

राजदीपचं खरंच होतं. उरलेल्या मांडीवर इंद्रकुमार जाड सुती मोजा चढवायचा आणि तो कोणासमोर काढायचा नाही. आई भागीरथा रोज तुळशीला पाणी घालून त्याच्यासाठी मागणं मागे, पण तो पाय तिनेही पाहिला नव्हता.

मागचा अख्खा पावसाळा इंद्रकुमार मैदानाकडे फिरकला नाही. मी गोठ्यात पडून होते, माझ्या पाटावर कोंबडी बसायची. मग राज्याच्या संघाची निवड जाहीर झाली आणि त्याने स्वतःच माझा गंज घासून काढला. गावात दोघं-तिघं म्हणालेही, की बसून का कोठी खेळ होते?

निवड नेमकी पोळ्याच्या दिवशी, नागपूरला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. बैलांचं आटोपलं तशी भागीरथा माझ्याकडे वळली. “हेबी त माह्या लेकाचा भार वाहते,” असं पुटपुटत तिने माझ्या दांड्याला वरपासून खालपर्यंत तूप चोळलं आणि वर पोतं गुंडाळलं. किती मायेचा हात होता तो!

मैदानावर बकारामने पोतं काढून मला साखळ्यांनी जखडलं, इंद्रकुमारला पट्टे आवळले आणि तो रेषेबाहेर गेला. फेकी तीनच. पहिल्या फेकीला दांडा हातातून निसटला, गोळा जवळच पडला. दुसऱ्या फेकीला त्याने नको तितका जोर लावला, तोल गेला. लाल झेंडा.

इंद्रकुमारने तळहात नाकाशी नेला. तुपाचा वास. त्याने वर पाहिलं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर सोबत आलेली भागीरथा हात जोडून, डोळे मिटून बसली होती. इकडे घड्याळ पळत होतं. त्याने जर्सीचं टोक दांड्यावर फिरवलं; ती घामाने निथळत होती, तूप नुसतं पसरलं. क्षणभर तो थांबला. मग दुमडलेली पँट वर सारून त्याने मोजा ओढून काढला आणि दांडा खसाखसा पुसला.

सगळं मैदान पाहत होतं. भागीरथाचे डोळे तेव्हाच उघडले. तिने नजर वळवली नाही.

तिसऱ्या फेकीला दांडा त्याच्या मुठीत घट्ट बसला. त्याचा सगळा भार माझ्या पाटावर होता, केसभरही हलला नाही. गोळा सुटला. माझ्या साखळ्या करकरल्या आणि थांबल्या.

पांढरा झेंडा. संघातली शेवटची जागा त्याला मिळाली.

परतताना गाडीत भागीरथाने हळूच विचारलं, “म्याच तूप लावलं होतं ना रे?”

“लावलंस. म्या पुसलं,” तो म्हणाला.

मग ती म्हणाली, “मोजा राहू दे आता. वारा लागू दे त्याले.”

मित्रांनो, कामाच्या वस्तूला हळद-कुंकू, तूप जरूर लावा, पण मग कोरड्या फडक्याने पुसूनही ठेवा. आमचा मान त्यातही असतो.

आज सकाळी भागीरथाने जुन्या लुगड्याच्या फडक्याने माझा दांडा पुसला, आणि ते फडकं दांड्यालाच बांधून दिलं. इंद्रकुमारने मला बाजूला जादा चाकं जोडलेल्या स्कूटरमागे आवळलं. मोजा खुंटीवरच राहिला. राजदीपला त्याने फोन केला नाही. फाटक लोटून तो कुडव्याच्या रस्त्याला लागला.