छातीवरच्या खिशातली गोळी

मी एक जुनी शीर आहे. हातावर निळी दिसते तसली नव्हे. माझा मुक्काम डाव्या फुप्फुसात, खालच्या अंगाला. जाडी तुमच्या करंगळीएवढी, वय छप्पन्न. मित्रांनो, शिरेचं कसलं आलंय चरित्र, असं म्हणून नाक मुरडू नका. हृदयाची गाणी सगळे गातात. धमन्यांना पुस्तकात लाल रंग मिळतो. आणि शिरा म्हटलं की मळकं रक्त वाहणाऱ्या, एवढंच तुम्हांला शिकवतात. माझ्यातून मात्र अगदी ताजं, लालभडक रक्त वाहतं. फुप्फुसात हवा खाऊन आलेलं रक्त हृदयाच्या दारात नेऊन पोचवायचं, हे माझं काम. उगाच बढाई मारत नाही, हवं तर तुमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारा.

मालक आईच्या पोटात होते तोवर फुप्फुसं मिटलेलीच होती आणि मला फारसं काम नव्हतं. ते जन्मले, नर्सनं त्यांची पाठ खसाखसा चोळली आणि त्यांनी असा टाहो फोडला की विचारू नका. फुप्फुसं फुलली, माझ्या भिंती ताणल्या गेल्या आणि रक्ताचा पहिला लोंढा माझ्यातून धावला. तेव्हापासून एका दिवसाची रजा घेतलेली नाही मी.

मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं, आणि उरलेलं मी त्यावरून जुळवते. माणूस बोलतो ते माझ्या शेजारच्या हवेवरच ना! त्यामुळे घरातलं आणि कामावरचं सगळं मला ठाऊक असतं. मालक बंदरात क्रेन चालवायचे. जहाजातून लोखंडी पेट्या उचलायच्या आणि धक्क्यावर ठेवायच्या. एकेक पेटी खोलीएवढी. क्रेनची केबिन इतकी उंच की चढायला एकशे साठ पायऱ्या, आणि पायाखाली काच. खाली धक्क्यावर उभं राहून वॉकीटॉकीवर सूचना द्यायचा तो त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांची दिवसभर थट्टा चाले. 'भाऊजी, पेटी ठेवताय की बाळ झोपवताय?' असं तो विचारी, कारण मालकांनी टेकवलेल्या पेटीचा आवाजच होत नसे. सगळं बंदर त्यांचं नाव काढायचं. त्या एकशे साठ पायऱ्या ते एका दमात चढत त्या कुणाच्या जिवावर, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. असो.

पन्नाशी उलटली आणि हृदय थकलं. वर्षानुवर्षं वाढलेल्या रक्तदाबाकडे मालकांनी काणाडोळा केला होता, त्याचा हा परिणाम. मी रक्त घेऊन दारात जायची, तर आधीचंच आत तुंबलेलं. पुढं सरकायला जागा नाही, मागून तर येतंच आहे. मी फुगले, टरारले. मग माझ्यामागच्या बारीक वाहिन्यांतून पाणी झिरपून वायुकोशांत, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांत उतरू लागलं. शेजारची धमनी तर भारी भित्री. हवा कमी पडली की ती अंग आवळून बसते, त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूलाही जोर पडायला लागला. मालकांना खोकला लागला. ते म्हणाले, धक्क्यावरची धूळ आहे. आडवं पडलं की दम लागायचा, तर म्हणाले, उशी चपटी झालीय.

शेवटी बायकोनं त्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी छातीला नळी लावली आणि मला बरं वाटलं, कारण पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं. त्यांनी तीन गोळ्या दिल्या. तुम्हांला वाटेल गोळी सरळ माझ्याकडे येते आणि पाठ थोपटते. तसं नसतं. हृदय दमलं की शरीर घाबरून हुकूम सोडतं, वाहिन्या आवळा, पाणी साठवा. पहिली गोळी तो हुकूम अडवते. मग अंगातल्या वाहिन्या सैल पडतात, हृदयाला रक्त ढकलणं सोपं जातं आणि माझ्या दारातली गर्दी हटते. दुसरी हृदयाला सांगते, धावू नकोस, सावकाश चाल. तिसरी पाण्याची गोळी. ती साठलेलं जास्तीचं पाणी लघवीवाटे बाहेर काढते. महिन्याभरात मी पूर्ववत झाले आणि मालकांचा खोकला पळाला.

बाईंनी विचारलं होतं, काम कसलं करता? मालक म्हणाले, बसून. खोटं नव्हतं ते, पण ती खुर्ची किती उंचावर आहे हे त्यांनी सांगितलं नाही. ही केबिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आजार कळला तर मुकादम खाली उतरवणार, हे ते पुरतं ओळखून होते. आणि वर संडास नाही. सकाळी पाण्याची गोळी घेतली की दुपारपर्यंत तीनचारदा जावं लागतं. तितक्यांदा एकशे साठ पायऱ्या उतरले असते, तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं.

मग त्यांनी काय केलं माहीत आहे? बायको सकाळी तिन्ही गोळ्या हातावर ठेवायची. ते दोन गिळायचे आणि तिसरी हळूच शर्टाच्या खिशात टाकायचे. खिसा बरोबर माझ्या डोक्यावर. बायको विचारी, घेतल्या का? ते म्हणत, हो. मित्रांनो, माझी गोळी माझ्यापासून चार बोटांवर खुळखुळत होती आणि मला काही करता येत नव्हतं. फार चिडचिड व्हायची माझी. सुट्टीच्या दिवशी तेवढी ती पोटात जायची.

तीन आठवड्यांत मी पुन्हा टरारले. मालक जिन्यात आधी दोनदा थांबत, मग चारदा थांबायला लागले. पायात बूट जाईनात. सुजलेले घोटे पाहून बायको भावाला म्हणाली, कुठंतरी पाणी मुरतंय खरं. बाई गं, कुठंतरी काय, इथंच मुरत होतं!

आणि मग तो दिवस आला. भर दुपारी पेटी अर्ध्या वाटेत लटकत असताना माझ्याच्यानं रेटेना. वायुकोशांत पाणी भसाभस उतरलं. मालकांना श्वास घेता येईना, क्रेनचा दांडा स्थिर धरता येईना. खाली मेहुणा उभा होता.

"भाऊजी, पेटी हलतेय. काय झालं?" वॉकीटॉकीवर आवाज आला.

"तू आधी बाजूला हो. लांब."

"झालो."

माझ्याजवळ होतं नव्हतं तेवढं ताजं रक्त मी पुढं ढकललं. मालकांनी पेटी खाली आणली. ती धाडकन आदळली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पेटीचा असा आवाज झाला, पण तिच्याखाली कुणी नव्हतं.

"मला दम पुरत नाहीये," ते म्हणाले. "जिना उतरता येणार नाही. वर ये."

मेहुणा धावत वर चढला. त्यानं त्यांना बसतं धरून ठेवलं आणि बंदराच्या बचावपथकानं दोरावर सोडलेल्या पाळण्यातून दोघांना खाली घेतलं. दवाखान्यात नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला, शिरेतून औषधं सुरू झाली. एका औषधानं शरीरभरच्या शिरा सैल पडल्या, थोडं रक्त तिकडं विसावलं आणि माझ्यावरचा ताण उतरू लागला. दुसऱ्यानं पाणी बाहेर काढायला घेतलं. तासाभरात मालकांना नीट बोलता आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

नर्सनं शर्ट काढून बायकोच्या हातात दिला, तशा खिशातून गोळ्या फरशीवर घरंगळल्या. बायकोनं एकेक वेचली आणि ओंजळ त्यांच्यासमोर धरली. डॉक्टरीणबाई शेजारीच उभ्या होत्या. मालकांनी मुखवटा जरा बाजूला केला.

"वर संडास नाही, डॉक्टर."

बाई खुर्ची ओढून बसल्या. कसलं वर, कुठलं वर, ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चारला सुटता ना? घरी येऊन घेतली असती तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "गोळीची वेळ बदलून देता येते हो. विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर क्रेन सांगावी लागली असती."

"क्रेनवर मी तुम्हांला चढूच दिलं नसतं, हे खरं. आताही देणार नाही."

मालक रडले. मला तो रडण्याचा झटका भिंतीभिंतीत जाणवला. त्यांची केबिन गेली होती, आणि ती वाचवायच्या नादात आपण मेहुण्याच्या डोक्यावर पेटी टांगली होती, हे त्यांना त्याच वेळी उमगलं. मेहुणा त्यांचा हात धरून बसून राहिला.

आता मालक धक्क्यावर असतात. हलकं काम, हातात वॉकीटॉकी. वर केबिनमध्ये एक ताई बसते. माझ्या भिंती जराशा जाड झाल्यात, पूर्वीचा लवचीकपणा काही परत यायचा नाही. पण तिसरी गोळी रोज साडेचारला येते आणि मी माझं काम चोख करते. सकाळी दहाला आणि दुपारी एकला मालक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वॉकीटॉकीवर विचारतात, "ताई, खाली येऊन जायचंय का? पेटी टेकवा, मी काम थांबवतो." पहिल्या दिवशी सगळा धक्का हसला. आता मुकादमसुद्धा त्या वेळी गाड्या अडवून ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या औषधांची डबी असेल, तर 'घेतल्या का?' एवढंच विचारू नका. 'हो' म्हणायला काही लागत नाही. मालक रोज म्हणायचे. यातली कुठली नकोशी वाटते, आणि का, असं विचारा. उत्तर चटकन येणार नाही. लाज वाटते माणसांना. तुम्ही जवळ बसून राहा.