सत्तेचाळीस नंबरची हजेरी

पोरांची हजेरी खोलीच्या नंबरावर घ्यायची, असं दीपकने धबधब्याच्या पायथ्याशी जाहीर केलं, तेव्हाच सरोजिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नायगावच्या त्यांच्या चाळीत सगळंच खोलीवर चालायचं. गणपतीचा प्रसाद खोलीमागे एक द्रोण, मयताला खोलीमागे एक माणूस. दीपक चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी, पोरांची ही सहलही त्यानेच काढलेली. त्याच्या यादीत माणसं नव्हतीच, नुसते नंबर.

"अरे, अठरा पोरं आहेत. डोकी मोज," ती म्हणाली. तीस वर्षं नर्स होती बाई. वॉर्डातली डोकी मोजल्याशिवाय एकदाही घरी गेली नव्हती.

"ताई, टेन्शन नका घेऊ. आपली सिस्टम आहे. खोली बोलली की पोरगं आलं."

अर्ध्या तासाचा चढ. वर पोहोचल्यावर पोरं पाण्यात मनसोक्त डुंबली. मग दीपकने सगळ्यांना कातळावर बसवलं आणि दम भरला, "ज्याचा नंबर पुकारीन त्यानेच उतरायचं. बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही!" तेवढ्यात पावसाने जोर धरला आणि साहेब स्वतःचाच नियम विसरले. "पळा पळा" करत त्याने पोरं खाली पिटाळली आणि हजेरी घेतली ती थेट बसमध्ये.

"सत्तेचाळीस?"

"आहे!" नऊ वर्षांची मनवा ओरडली.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. सरोजिनी उठली आणि एकेका डोक्यावर हात ठेवत मागपर्यंत गेली. सतरा. पुन्हा मोजली. सतराच.

"सगळ्या खोल्या बोलल्या ना, ताई!"

"खोल्या बसमध्ये बसत नाहीत रे मेल्या! पोर कोणाचं राहिलं ते बघ!"

मनवाने इकडेतिकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिचा सहा वर्षांचा भाऊ हेरंब नव्हता. प्रसादाच्या वेळी घरातल्या एकानेच ओ द्यायची असते, तशी ती पोरीने दिली होती.

"ए, अक्कल नाही तुला? भाऊ कुठंय ते कळत नाही?" दीपक तिच्यावरच धावून गेला. वड्याचं तेल वांग्यावर!

"पोरीवर आवाज चढवलास तर थोबाड फोडीन!" सरोजिनीने त्याला बाजूला ढकललं आणि ती भर पावसात वाटेला लागली. गुडघे ठणकत होते. दीपकला, त्याच्या मंडळाला आणि त्या नंबरांना शिव्या घालत ती चढत होती. येताना घोट्याएवढं असलेलं पाणी आता गुडघ्याला लागत होतं. दीपक धापा टाकत मागून येत होता, पण तिने वळून पाहिलं नाही.

हेरंब कातळावरच होता, गुडघे पोटाशी घेऊन. चारी बाजूंनी गढूळ पाणी फिरलं होतं. दीपकने तिचा हात घट्ट धरला, ती पाण्यात उतरली आणि तिने पोराला कवेत ओढलं. थंडीने त्याचे दात वाजत होते.

"आमचा नंबर पुकारलाच नाही," तो म्हणाला.

दीपकने त्याला पाठीवर घेतलं आणि तिघं खाली उतरले. बसमध्ये मात्र तो हळूच तिच्याशेजारी येऊन बसला. "ताई, चाळीत नको बोलूया. मिळाला ना सुखरूप? पुढच्या वर्षी पोरं कोण पाठवणार?" नायगाव येईपर्यंत तिचं रक्त उकळत होतं.

चाळीच्या तोंडाशी हेरंबची आई आकांक्षा छत्री घेऊन उभी होती. इतरही आईबाप जमले होते. सरोजिनीने सगळ्यांसमोर दीपकचं पितळ उघडं पाडलं. नंबरांची हजेरी, पोरांनी बसमध्ये सांगितलेला कातळावरचा दम आणि ते "पळा पळा", चढलेलं पाणी, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. तिचा आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू जात होता. लोक दीपकवर तुटून पडले.

हेरंबला पदराखाली घेऊन आकांक्षाने सगळं ऐकून घेतलं. मग ती दीपककडे नाही, सरोजिनीकडे वळली.

"मावशी, तुम्ही होतात म्हणून मी ह्याला पाठवला. पोरं वरनं उतरत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

इतका वेळ सरोजिनीला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने स्वतःला तर मुळीच विचारलं नव्हतं.

"मी आधीच खाली आले होते," ती म्हणाली. "टपरीवर भजी खात होते."