शिडी धरायला माणूस

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे आणि सध्या मी भयंकर रागात आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड गोड बोलावं अशी रीत आहे, पण माझ्याच्यानं ते होणार नाही.

चामोर्शीजवळच्या एका गावात देवाजीभाऊंनी मला घडवलं. त्यांची मुलगी रिना तेव्हा पाळण्यात होती. दोन जाड बांबू आणि नऊ पायऱ्या. दर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, भाऊ मला भिंतीला लावून छपरावर चढायचे आणि कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे. वानरांनी फोडलेले काढायचे, नवे बसवायचे. न गळणारं घर पाहायचं तर देवाजीचं, असं गाव म्हणायचं. ऐकून मीही फुगायचे.

आता भाऊ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. बायको, कांताबाई, गेल्यापासून एकटेच राहतात. त्यांचे गुडघे कुरकुरतात आणि माझी चौथी पायरी तडकली, तर तिला त्यांनी नुसती तार गुंडाळली. वर मला धरायलाही कुणाला बोलवायचं नाही! शेजारचा मिथुन आपणहून आला, तर त्याला म्हणाले, "तू तुह्या घराचं पाह्य."

गेल्या वर्षी मे महिन्यात ती पायरी मोडलीच. भाऊ अंगणात आपटले आणि तासभर तिथेच पडून राहिले, पण कुणाला हाक मारली नाही. मला तोंड असतं तर मी अख्खं गाव गोळा केलं असतं. चार दिवसांनी रिना गडचिरोलीहून आली.

"बाबा, लंगडता काऊन?"

"बैलानं लात मारली."

"बैल इकून सा वर्षं झाले, बाबा!"

तिनं नागपूरला भावाला, अश्वजितला, फोन लावला. तो तिथूनच ओरडला, "वर चढाचं नाई म्हन्लं ना! मी आता छपरावर टिनाचे पत्रेच टाकून देतो."

"टिनाखाली भाजून मारतो काय मले?" म्हणत भाऊंनी फोन आपटला.

या अश्वजितचाही मला राग येतो. हुकूम सोडायला काय जातं? दहा वर्षांत छपराला त्याचा हात लागलेला नाही. बाप हट्टी, मुलगा दुप्पट हट्टी. यंदा मे लागताच भाऊंनी नवी पायरी ठोकली आणि मुद्दाम मला पुन्हा भिंतीला लावलं.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच रिना दारात. ती भांडली नाही. तिनं ओढणी कमरेला बांधली.

"उतरा बाबा. मी चढतो. पन मले कवेलू फेरता येत नाई, तुमी खालून सांगा. अन् शिडी धरा, मले भेव लागते."

भीती खरीच होती. प्रत्येक पायरीवर थांबून ती खाली पाहत होती. भाऊंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि दुपारभर तिला शिव्या घातल्या. "उलटा लावला! तो काढ! अवं, तिकडं पाय नको देऊ!"

ती खाली उतरली तेव्हा भाऊ दुसरीकडे पाहत म्हणाले, "पुढच्या सालीबी येजो. एकट्याच्यानं होत नाई आता."

मित्रांनो, तुमच्या घरी असं हट्टी माणूस असेल, तर फोनवरून ओरडू नका. जा, त्यांच्याकडून काम शिका आणि स्वतः चढा. आणि वडीलधाऱ्यांनो, हाक मारायला लाजू नका. माझा राग अजून गेलेला नाही. एवढंसं बोलायला माणसाला आधी पडावं का लागतं?