आप्पांच्या सिद्धतेतली पायरी

जामखेडच्या कॉलेजच्या पटांगणात सकाळपासून फेटे बांधायचं काम चाललं होतं. देशोदेशींचे गणिती एकेक करून खुर्चीत बसत होते आणि सहादेव फेटेवाला त्यांच्या डोक्यांना गुलाबी पीळ घालत होता. हंगेरीच्या इल्दिकोबाईंनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्या एका प्रश्नाने भल्याभल्यांची व्याख्यानं आडवी झाली होती, त्यामुळे त्या पहिल्या रांगेत बसल्या की तरुण वक्त्यांना घाम फुटे. गुलाबी नको, केशरी हवा, असा त्यांनी हट्ट धरला आणि तो मिळेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. सेनेगलचा मामादू इतका उंच की सहादेवने त्याला खुर्चीवरून उठवून खाली सतरंजीवर बसवलं.

"पावणं, असं बसा. न्हाईतर मला शिडी आनावी लागंल."

मामादूला यातलं काही कळलं नाही, पण सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

दीपा भिंगारदिवे व्हरांड्यातून हे पाहत होती. तिलाही फेट्यासाठी बोलावणं आलं होतं. नंतर येते म्हणून तिने टाळलं होतं. अकरा वाजता तिचं व्याख्यान होतं, आणि त्या व्याख्यानाच्या मधोमध एक भोक होतं.

संख्या-सिद्धांताचं हे संमेलन दर दोन वर्षांनी नव्या देशात भरतं. मागच्या खेपेला ते लिस्बनला होतं. तिथे समारोपाच्या सभेत पुढचं ठिकाण कोणतं यावर चर्चा चालली असताना दीपाचे वडील आप्पा, म्हणजे जामखेडच्या कॉलेजात हयात घालवलेले भीमराज भिंगारदिवे, उभे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडे या. कुठे, असं कुणी विचारल्यावर त्यांनी जामखेड, कर्जत, खर्डा अशी नावं अशा थाटात सांगितली की न कळणाऱ्याला आपणच अडाणी वाटावं. लोकांनी मोबाईलवर नकाशा उघडला, आणि गंमत म्हणजे हात वर केले. संमेलन ठरलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात आप्पा गेले, सकाळी फिरून आल्यावर, चपला काढता काढता. पाहुण्यांनी तारखा बदलल्या नाहीत. पहिल्या दिवसाचं मुख्य व्याख्यान त्यांच्या स्मरणार्थ ठेवलं, विषय त्यांचंच शेवटचं प्रमेय, आणि बोलणार त्यांची मुलगी, जी चेन्नईत हेच शास्त्र शिकवते आणि जिने ते प्रमेय त्यांच्यासोबत बांधलं होतं.

प्रमेय दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेचं होतं. एक आणि चार मिळून पाच होतात, चार आणि नऊ मिळून तेरा. अशा संख्या संख्यारेषेवर कुठे दाटीने उभ्या असतात, कुठे लांब लांब पांगलेल्या. त्या किती लांब जाऊ शकतात, हे आप्पांना सांगायचं होतं. सिद्धतेची सगळी मदार एका पायरीवर होती: सिद्धतेतल्या एका राशीला ठरावीक जातीच्या कुठल्याही मूळ संख्येने भागलं, तरी एक विशिष्ट बाकी कधीच उरत नाही. त्या पायरीपुढे मसुद्यात कारण नव्हतं. फक्त 'हे उघड आहे' एवढंच होतं.

गणितात ही तीन शब्दांची खात्री फार चालते, आणि बहुतेकदा खरीही असते. बापलेकींचं काम रोज संध्याकाळी फोनवर होई. ती पायरी आली तेव्हा दीपाने विचारलं होतं, "ते होतंच ना, आप्पा?" आणि आप्पा म्हणाले होते, "होतंच की." तिला वाटलं, त्यांनी तपासलं आहे. महिन्यापूर्वी व्याख्यानाची तयारी करताना ती कारण शोधायला बसली आणि सापडेना. मग तिला तो फोन पुन्हा आठवला आणि लख्खकन कळलं, की आप्पांनी तिचा प्रश्न हा प्रश्न म्हणून ऐकलाच नसणार. लेक म्हणते आहे म्हणजे लेकीने तपासलं असणार. एकमेकांवर इतका विश्वास, की दोघांनीही दाराला कडी लावली नाही. किंवा कदाचित त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते सांगण्याची वेळच आली नाही. आता विचारायचं कुणाला?

आदल्या संध्याकाळी तिने हे राधाकृष्णकाकांना सांगितलं. राधाकृष्ण सर म्हणजे आप्पांचे स्टाफरूममधले शेजारी आणि जन्माचे प्रतिस्पर्धी. संमेलनाचा सगळा डोलारा आता त्यांच्याच खांद्यावर होता. ते म्हणाले, सुट्टी टाकून, विमानं बदलून लोक भीमराजसाठी आले आहेत. उद्या ती पायरी आहे तशी म्हणून टाक, एवढ्या घाईत कुणाच्या लक्षात येणार नाही. पुढचं पुढे बघू. उद्याच्या दिवशी त्याच्या नावाला गालबोट नको.

उद्घाटनाची भाषणं लांबली. एका वक्त्याने आप्पांना शांत म्हटलं, दुसऱ्याने निगर्वी, तिसऱ्याने ऋषितुल्य. पहिल्या रांगेत निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत बसलेली आई, भागिरथीबाई, दीपाच्या कानाशी लागली.

"ऋषी कधी झालं हे? चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेत हुते."

दीपाला हसू आलं. आप्पा गेल्यापासून सगळे त्यांच्याविषयी असेच बोलत होते, आवाज खाली आणून, चांगलं तेवढंच. भेटायला आलेल्या माणसांनी त्यांना इतकं गुळगुळीत करून टाकलं होतं, की कधीकधी तिलाही तिचे आप्पा धड आठवत नसत. स्टाफरूममध्ये टेबलावर मूठ आपटून "सिद्ध कर" म्हणणारा माणूस या भाषणांत कुठेच नव्हता.

अकरा वाजले. तिने पडद्यावरची चित्रं नाकारून फळा मागवला होता. अर्धा तास सगळं सुरळीत गेलं; इल्दिकोबाई मधूनमधून मान हलवत होत्या, आणि ते पाहून मागच्या रांगांना धीर येत होता. मग ती पायरी आली. दीपाने ती नीट, मोठ्या अक्षरात लिहिली. राधाकृष्ण सर तिच्याकडे एकटक पाहत होते. पुढची ओळ लिहून मोकळं व्हायला तिला काही क्षण पुरले असते.

तिने खडू ठेवला.

"ही पायरी मला सिद्ध करता येत नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना येत होती का, मला ठाऊक नाही. ती नसेल, तर या फळ्यावर प्रमेय नाही."

राधाकृष्ण सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आईने दीपाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लोकांच्या, आणि पदर सावरून ताठ बसली.

इल्दिकोबाई उठल्या. केशरी फेटा एका बाजूला कलला होता.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला."

"आणि महिनाभर एकटीच घेऊन बसलीस? इतकं सुरेख भोक? याला आमच्याकडे हावरटपणा म्हणतात, मुली."

कुणीतरी हसलं, आणि बांध फुटावा तशी सगळी खोली हसली. तोवर बाई व्यासपीठावर चढून खडू घेऊन उभ्याही राहिल्या होत्या. पुढची पाच मिनिटं व्याख्यान होतं. मग ते राहिलं नाही. कोणी खालून ओरडून दुरुस्ती सांगत होतं, कोणी फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःचंच काही मांडत होतं. एका फळ्यावर मावेना तेव्हा वर्गावर्गांतून फळे उचलून आणले, आणि तेही भरले तेव्हा लोक व्हरांड्यात जाऊन फरशीवर लिहू लागले. गुलाबी फेट्यांचे शेमले खडूच्या भुकटीत लोळत होते.

आणि सगळे आप्पांशी भांडत होते. भिंगारदिवे इथे दोन गोष्टी एक धरतो. नाही, तो तसं म्हणतच नाही, वरची ओळ वाच. पण मग ही अट कशाला घालतो? ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तेही त्यांच्यावर खेकसत होते, त्यांची बाजू घेत होते. आवाज कुणीच खाली आणत नव्हतं. दीपा या गलबल्यात उभी होती आणि पावसाळ्यापासून पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता येत होता.

आईने तिची बाही ओढली.

"दीपे, काय झालं गं? समदे भांडाय का लागले?"

"भांडत नाहीत गं आई. खूश आहेत."

"मंग बराबर हाय," आई म्हणाली. "ह्यांचंबी असंच हुतं."

बन्सी आचारी जेवणाची वर्दी द्यायला आला. इकडची झणझणीत शिपी आमटी, बाजरीच्या भाकरी, सगळं तयार होतं. त्याने व्हरांड्यातली ओणवी माणसं पाहिली, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग राधाकृष्ण सरांना सुनावलं, की लग्नात रुसलेले व्याही बघितले, पण जेवण सोडून फरशी रंगवणारं वऱ्हाड आज पहिल्यांदा बघतोय. आमटीला उकळीवर उकळी देऊन तिची चटणी झाली तर बोल त्याला लावायचा नाही. सरांनी त्याला पाठवून दिलं. पण तो परत आला तो भाकऱ्यांची टोपली घेऊनच. मग एका हातात आमटीची वाटी, दुसऱ्या हातात खडू, अशी पंगत उभ्या उभ्याच सुरू झाली. तिखटाने इल्दिकोबाईंचे डोळे वाहत होते. त्या डोळे पुसत होत्या आणि पुन्हा वाढा म्हणत होत्या.

मामादू मात्र केव्हाचा भिंतीला पाठ लावून मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बुडाला होता. ती पायरी सिद्ध का होत नाही, यावर सगळे डोकं शिणवत असताना त्याने साधा प्रश्न घेतला होता, की ती मुळात खरी आहे का. तो यंत्राकडून एकेक मूळ संख्या तपासून घेत होता. अखेर तो उठला, आणि त्याच्या उंचीमुळे सगळ्यांना तो एकदम दिसला.

"खोटी आहे," तो म्हणाला. त्याने फळ्यावर एक सहा अंकी मूळ संख्या लिहिली. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे जी बाकी कधीच उरायला नको, ती इथे उरत होती. चार जणांनी चार वेगळ्या रीतींनी भागून पाहिलं. खरंच उरत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. लहान संख्यांनी भिंगारदिवेंना किती साळसूदपणे फसवलं, यावर लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. यांच्यापैकी प्रत्येकालाच त्या साळसूदांनी कधी ना कधी फसवलं होतं.

दीपाने त्या संख्येकडे पाहिलं. म्हणजे आप्पांकडे कारण नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. त्यांनी ते बरोबर नेलं, ते कायमचं हरवलं, ही महिन्याभराची रुखरुख एका भागाकाराने संपली. पण प्रमेयही संपलं.

मामादू आणखी संख्या सांगत होता, त्याच्या यंत्राला एकामागून एक सापडत होत्या. इतका वेळ बाजूला उभे असलेले राधाकृष्ण सर फळ्याजवळ आले, चष्मा चढवला, आणि मनाशी पुटपुटत प्रत्येक संख्येला आठाने भागू लागले. पहिलीला एक उरला. दुसरीला एक. तिसरीलाही. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

"घाई," ते मराठीतच म्हणाले, फळ्याकडे पाहून. "नेहमीची घाई. तीस वर्षं सांगतोय, भीमराज, सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नकोस. आठाने भागून एक उरणाऱ्या बाजूला काढ. मग तुझं बाकीचं उभं राहतं की नाही बघ."

पाहुण्यांना भाषा समजली नाही, आकडे समजले. इल्दिकोबाईंनी हातातली वाटी कुणाच्या तरी हातात दिली आणि राहिलेल्या मूळ संख्यांसाठी कारण मांडायला घेतलं. या वेळी ते सरळ उतरत गेलं, ओळीमागून ओळ. प्रमेय पहिल्याएवढं मोठं राहिलं नाही. पण जेवढं राहिलं, तेवढं खणखणीत होतं. त्यावर आता मामादूचं आणि काकांचंही नाव लागायला हवं, असं बाई म्हणाल्या. काका नको नको म्हणत होते आणि सगळ्या चेहऱ्याने हो म्हणत होते.

आई जवळ आली होती. "मंग ह्यांचं बराबर निघालं का चुकलं?"

"चुकलं," दीपा म्हणाली. "पण असं चुकलं, की एवढ्या जणांना जेवण सुचलं नाही."

आईने फळ्यावरच्या आकड्यांकडे एकदा पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली, जणू कुणीतरी घरातलं माणूस ओळखून दाखवलं होतं. मग ती बन्सीला सांगायला गेली, की उरलेल्यांना बळंच बसव, ही माणसं आपणहून बसायची नाहीत.

फळ्याशी राधाकृष्ण सर आता रंगात येऊन पुढची पायरी लिहीत होते. बाजूला काढलेल्या मूळ संख्यांचंही काही करता येईल, असं ते सगळ्यांना सांगत होते, आणि हे तर उघडच आहे म्हणत त्यांनी एक ओळ झपाट्याने ओलांडली. दीपाने वाकून फरशीवरचा खडूचा तुकडा उचलला आणि गर्दीतून वाट काढत पुढे झाली.

"थांबा काका," ती म्हणाली. "सिद्ध करा."