मी ‘ऑलरेडी’ नावाचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझं नाव ऑलरेडी. वय सहाशे वर्षांहून जास्त. ‘ऑल’ म्हणजे सगळं आणि ‘रेडी’ म्हणजे तयार. हे दोन शब्द जोडून मी घडलो. सुरुवातीला माझा अर्थ तेवढाच होता: पूर्ण तयार. पण जे तयार असतं, त्याचं काम आधी उरकलेलं असतं. बोलता बोलता लोकांनी मला वेळेकडे सरकवलं आणि मी ‘आधीच’ या अर्थाचा झालो.

टीव्ही, शाळा आणि मोबाइलमधून मी गोंडपिपरी तालुक्यातल्या खेड्यांपर्यंत पोचलो. तिथे मला बहुतेक वेळा रागावण्यासाठी वापरत. ‘ऑलरेडी उशीर झाला’, ‘ऑलरेडी सांगितलं होतं’. माझा जन्म तयारीतला, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात तिथल्याच एका खेड्यातला हेमराज दूर वरोऱ्याला दालमिलमध्ये कामाला होता. गावी त्याची बायको रीता होती, दिवस भरत आलेले. नाल्याला पूर आला, गावचा रस्ता बंद झाला, अशी बातमी सकाळी आली. घरचा फोन लागेना.

“तिले दुखू लागलं तं कोन नेईन?” हेमराज उठला.

“मंग तू काय नाला पोहून जाशील का बे?” सोबतच्या सुरेंद्रने त्याला हाताला धरून बसवलं.

दुपारी फोन वाजला. त्याची आई कुंताबाई बोलत होती.

“माय, रीता कशी हाये? नाल्यावर पानी...”

“आईक तं! रीता ऑलरेडी दवाखान्यात हाये. काल आभाळ पाहूनच तिले गोंडपिपरीले आनलं. फोन बंद पडला होता, आत्ता चार्ज झाला.”

हेमराजला हसू फुटलं. “तू इंग्रजी कुठी शिकली वं?”

“इथली नर्सबाई दिवसभर तेच बोलते.”

मग रीताने फोन घेतला. “मी बरी हाय. पानी उतरलं का या. नाल्यात पाय नोका टाकू.”

सुरेंद्रने सगळ्यांना चहा सांगितला.

कपड्यांची पिशवी, दवाखान्याचे कागद, बाळाचं दुपटं, सगळं घेऊन कुंताबाई पाऊस पडायच्या आत निघाल्या होत्या. म्हणून मी त्यांच्या तोंडी खरा ठरलो.

मित्रांनो, मला जरूर वापरा. फक्त माझं नाव घेण्यापूर्वी काम उरकून ठेवा. दूर कुठेतरी एखादा माणूस जीव मुठीत धरून तुमच्या फोनची वाट पाहत असतो.