छत्रीबाबांची हिरवी सावली

गरम पाण्याच्या झऱ्यावर मुंगीलाही पाय ठेवायला जागा नव्हती. काठाच्या दगडांवर सगळीकडे नारिंगी बुळबुळीत थर, पण बाबांच्या भल्यामोठ्या छत्रीखाली तोच थर हिरवागार! छत्री रोवली तेव्हा तिथेही नारिंगीच होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"नारिंगी म्हणजे रोग, हिरवा म्हणजे आरोग्य!" छत्रीबाबा गरजले. "आमची सावली दगडाला बरं करते, मग माणसाला का नाही? औषधं सोडा, सावलीत बसा!"

बाबांच्या स्वतःच्या गुडघ्याला पट्टा होता. त्यांची सावली त्यांच्यावर पडत नसावी.

माझी आई रोज त्या सावलीत जाऊन बसायची. शुगरचं इंजेक्शन तिने बंद केलं होतं आणि पायाची जखम चिघळत चालली होती. मी ओरडलो, दादा हातापाया पडला; आई ढिम्म. आम्हाला भीतीने जेवण जात नव्हतं.

वहिनी शाळेत विज्ञान शिकवते. ती सासूशी वाद घालत बसली नाही. तिने एक जुनं घमेलं आणलं आणि झऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, नारिंगी थरावर, दगडांच्या आधाराने जरा उंच पालथं ठेवलं.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"दुसरे बाबा, आई. थोडे दिवस यांनाही सावली पाडू द्या."

काही दिवसांनी भरगर्दीत वहिनीने घमेलं उचललं. खाली हिरवंगार!

"घमेलंबाबा की जय!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"घमेल्यात आमचाच अंश उतरलाय!" बाबा म्हणाले.

"अंश नाही, ऊन अडलंय," वहिनी म्हणाली. "हा थर जिवंत आहे. हात पोळेल अशा पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव आहेत हे. गरम पाणी त्यांना मानवतं, पण कडक ऊन सोसत नाही. म्हणून ते अंगात नारिंगी रंग तयार करतात, गाजरात असतो त्या जातीचा. सावली मिळाली की तो कमी होतो आणि मुळातला हिरवा दिसू लागतो."

आईने वाकून पायाची पट्टी सोडली आणि जखम बघितली.

"म्हणजे डोळ्यांना न दिसणारे हे जीवसुद्धा आपला जीव आपण सांभाळतात," ती म्हणाली. "आणि मी मेली छत्रीखाली बसून राहिले. चल सूनबाई, दवाखान्यात."

पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कापावा लागला असता. मी बाहेर येऊन चक्क रडलो.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला तर नमस्कार खुशाल करा; पण तेच दुसऱ्या कशाने होतं का, हे आधी तपासून बघा. आणि तोवर औषध बंद करू नका.